मदत हवी आहे: अमेरिकेतून सामान आणावं की नागपुरातच ऑनलाइन घ्यावं?

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आम्ही न्यू जर्सीहून कायमचे नागपूरला, आईबाबांकडे परत येतोय. लॅपटॉपची चिंता नाही. 18 वर्षांवरच्या प्रवाशाला सोबत एक लॅपटॉप आणला तर कस्टम ड्युटी लागत नाही, आणि चार्जरही 100 ते 240 व्होल्टवर चालतो. टीव्ही नागपुरातच घेऊ. फ्लॅट टीव्हीला सवलत नाही, शिवाय पॅनेल फुटलं की संपलं.

घोडं अडलंय ते स्टँड मिक्सरवर, म्हणजे कणीक मळायच्या मशीनवर. तळाच्या स्टिकरवर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ लिहिलंय. आपल्याकडे 230 आणि 50. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरेल, पण हर्ट्झ बदलत नाहीत. मोटर तापेल का? सांधेदुखीमुळे आईला आता कणीक मळणं झेपत नाही, म्हणून माझा जीव त्यात अडकलाय. नागपुरात कोणी असं मशीन वापरतंय का, मे महिन्यातल्या उन्हाळ्यातही? की सरळ 230 व्होल्टचंच ऑनलाइन मागवू? तिकडे किंमत बरीच जास्त दिसते, पण वॉरंटी तरी मिळेल.

दुसरं, बाबांसाठी फोन. अमेरिकेतल्या आयफोनला 14 या मॉडेलपासून सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं, काढता न येणारं सिम. हँडसेट बिघडला की सिम काढून जुन्या फोनमध्ये टाकणं ही बाबांची सवय. ज्येष्ठांना ई-सिम जमतं का, अनुभव सांगा.

नागपुरात सीताबर्डीवर ट्रान्सफॉर्मरचं कोणी खात्रीचं दुकान असेल तर तेही कळवा. कंटेनरचं बुकिंग लवकरच करायचंय.