मदत हवी आहे: क्वाओअर, सेडना कोणत्या रांगेत लावायचे?

राम राम मंडळी, भुसावळहून लिहितोय. पुतण्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि आम्ही केळीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ गोळ्यांचा तक्ता करतोय, १ सेंमीला २०० किमी धरून. प्लुटोचा व्यास २३७७ किमी, एरिसचा २३२६, म्हणजे दोन्ही जवळपास १२ सेंमीचे थर्माकोल बॉल, एरिस वजनाला जास्त ते वेगळंच. हौमेया चार तासांत स्वतःभोवती फिरतो म्हणून लांबट झालाय, तिथे पोरगं म्हणे काका भरताचं वांगंच ठेवू. ठेवलं पण!

आता अडलंय ते असं की आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या २००६ च्या व्याख्येनुसार अधिकृत बटुग्रह (ग्रहाहून खालच्या दर्जाचे छोटे गोल) पाचच, मंगळ-गुरूमधला सेरेस धरून, मग क्वाओअर, सेडना, गोंगगोंग, ऑर्कस या नेपच्यूनपलीकडच्याच गोळ्यांना कुठे बसवू? काही खगोलशास्त्रज्ञ यांनाही बटुग्रहच म्हणतात. निकष काय तर स्वतःच्या गुरुत्वाने गोल झालेला हवा, पण दुर्बिणीत नुसता ठिपका दिसतो तर गोल आहे हे ठरवतात कसं? उजेडावरून आकार काढावा तर पांढराशुभ्र छोटा आणि काळपट मोठा सारखेच चमकतात. ताऱ्यासमोरून गेल्यावर सावली मोजतात एवढं कळलं. आणि शनीचा चंद्र मिमास ४०० किमीच्या आत असून गोल, नेपच्यूनचा चंद्र प्रोटिअस त्याच्याहून मोठा तरी वेडावाकडा, हे का?

यांच्यासाठी वेगळा रकाना 'संभाव्य' म्हणून करू का? कोणी जाणकार असेल तर सांगा भो, फेव्हिकॉल अजून लावला नाहीये.