मदत हवी आहे: न्यूझीलंडच्या गायींचा मिथेन कमी कसा होणार?

मंडळी, वर्गात न्यूझीलंडची हवामान उद्दिष्टं शिकवताना अडलोय. तिथली बहुतेक वीज आधीच जलविद्युत आणि इतर अक्षय स्रोतांतून येते, म्हणजे सोपी कपात झालेलीच आहे. उरली गुरं! देशाच्या हरितगृह वायूंपैकी जवळपास निम्मे शेती-पशुपालनातून येतात. गाय रवंथ करते, ढेकर देते आणि मिथेन बाहेर पडतो. २०३० पर्यंत हा मिथेन २०१७ च्या तुलनेत १० टक्के घटवायचाय. मिथेन रोखणारी पूरकं गोठ्यातल्या चाऱ्यात मिसळता येतात, पण तिथली गुरं वर्षभर कुरणावर चरतात, त्यांना ती रोज देणार कशी? पोटात हळूहळू विरघळणाऱ्या गोळीवर काम चाललंय म्हणे. पशुवैद्यकातलं कुणी समजावून सांगेल का? मुलांना अर्धवट उत्तर द्यायचं नाहीये.