ले-आउटची कमान हा चित्राचा विषय होऊ शकतो का?

रंगपेटी (चित्रकला शिक्षक, हिंगणघाट तालुका)

शासकीय रेखाकला परीक्षेसाठी मी दरवर्षी मुलांची तयारी करून घेतो. स्मरणचित्राचा विषय आठवडी बाजार असो की बसस्थानक, मागे दोन डोंगर, त्यांच्या मधोमध उगवता सूर्य आणि कडेला नारळाचे झाड हे ठरलेलेच असते. आमच्या पंचक्रोशीत नारळ औषधालाही सापडत नाही. मुलांच्या डोळ्यांसमोर रोज असतो तो राष्ट्रीय महामार्ग ४४, त्याच्या कडेचे पेट्रोल पंप, बियाण्यांच्या जाहिरातींनी रंगलेली कृषी केंद्रांची शटरे, जिनिंगच्या आवारातले कापसाचे ढीग आणि सोयाबीनच्या शेजारी एकाएकी उभी राहिलेली ले-आउटची, म्हणजे शेत मोडून पाडलेल्या प्लॉटांची, कमान. हे चित्रात का येऊ नये?

सुधीर पटवर्धन यांचे उदाहरण माझ्यासमोर आहे. १९४९ साली पुण्यात जन्मलेल्या आणि वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या या चित्रकाराने ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करता करता लोकलगाड्या, इराणी हॉटेले, उल्हासनगरसारखी दाट वस्ती आणि उपनगरांत उगवणाऱ्या इमारती रंगवल्या. अमेरिकेच्या एडवर्ड हॉपर यांनी तर १९४० साली ‘गॅस’ या चित्रात साधा पेट्रोल पंपच विषय केला: तिन्हीसांजेचा रस्ता, तीन लाल पंप, त्यांच्याजवळ एक माणूस आणि पलीकडे अंधारत चाललेले रान. सुंदर म्हणून शिक्का बसलेले काहीही त्यात नाही, तरीही नजर हटत नाही.

काळी_माती

सर, नारळाबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, परंतु पुढचे मान्य नाही. आपण ज्या कमानीचे कौतुक करता, तशाच एका कमानीच्या आत आमचे वावर होते. वाटणीत ते भावाकडे गेले, पुढे मुलीचे लग्न आणि थकलेले कर्ज यांपायी त्याने ते विकले, आणि एका उन्हाळ्यात धुऱ्यावरच्या बाभळी तोडून तेथे पांढरे-पिवळे दगड रोवले गेले. त्या दगडांची चित्रे मुलांनी रंगवावीत आणि आम्ही त्यांना शाबासकी द्यावी, हे मला जमणार नाही. चित्रात आले की वस्तूला मान मिळतो. ज्याने जमीन गिळली, त्याला तो मान कशासाठी द्यायचा? शिवाय ठाण्याच्या चित्रकाराला ठाणेच दिसणार. आपल्याकडे अजून तुरीचे शेत दिसते, तर तेच काढावे.

पळसफूल (कलाशाखेची विद्यार्थिनी, मूळ आर्वी तालुका)

काका, चित्रात आले की मान मिळतो हे सरसकट खरे नाही. पटवर्धनांचे ‘लोअर परळ’ हे २००१ सालचे चित्र गिरणगावाच्या बदलत्या रूपाचे आहे. त्यात कोणाची आरती ओवाळलेली नाही. ते एकाच चित्रात अनेक ठिकाणांहून पाहिल्यासारखी रचना करतात, त्यामुळे आपण नेमके कोठे उभे आहोत हे पाहणाऱ्याला सारखे तपासावे लागते. आणि त्यांच्या चित्रांत माणसे असतात, कष्टाने जड झालेल्या शरीरांची. सरांच्या यादीत मात्र पंप, शटर, कमान सगळे आले; माणूस फक्त हॉपरच्या चित्रापुरता आला.

मला अडचण वेगळीच वाटते. हॉपरला संध्याकाळचा उजेड मिळाला. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी महामार्गावर उभे राहिले की सावली पायाखाली जमा होते, डांबर राखाडी न दिसता जवळजवळ पांढरे दिसते, आणि फ्लेक्सचा रंग उन्हाने इतका विटतो की त्यावरच्या पुढाऱ्याचा चेहरा आधी नाहीसा होतो आणि मागे मिशा तेवढ्या उरतात. हा उजेड पोस्टर कलरच्या डबीत नाही. तो कसा आणायचा, याचा सराव आधी मुलांकडून करून घ्यावा लागेल.

रंगपेटी

माणसांबद्दलचा आक्षेप मी स्वीकारतो. काकांना एवढेच विचारतो की कमानीच्या आत आज उभे राहणाऱ्या मुलाला तेथे वावर होते हे कळावे कसे? तुरीचे शेत काढून ते कळणार नाही, कारण त्या जागी तूर नाही. कमानच काढावी लागेल, आणि तिच्या आत जे नाही तेही. आपल्या परीक्षेत त्याला स्मरणचित्र हेच नाव आहे, दुर्दैवाने आपण त्यात नारळ आठवत बसतो. येत्या रविवारी सकाळी मी आठ-दहा मुलांना त्या ले-आउटमध्ये नेणार आहे. आपण आलात, तर विहीर कोठे होती, बैल कोठे बांधत होता, हे मुलांना जागेवर सांगता येईल.

काळी_माती

माझे मत बदललेले नाही. तरीही येईन, कारण मी नसलो तर मुले काय काढतील याची मला धास्ती आहे. विहीर आज चौदा क्रमांकाच्या प्लॉटखाली आहे. तिच्यावर मोट कधीच नव्हती, डिझेल इंजिन होते, आणि त्याच्या काळ्या तेलाने कठड्याची एक बाजू कायमची माखलेली असे. कोणी तेथे मोट आणि डोक्यावर घागर घेतलेली बाई काढली, तर तो कागद मी परत देईन.