रेडिओवर ऐकलेली कविता डोक्यात राहते का?

निवांत_मी: इथे अमेरिकेत ऑफिसला जाताना 'द स्लोडाउन' या कवितांच्या रेडिओ कार्यक्रमाचे जुने एपिसोड ऐकतेय, २०१८ ला ट्रेसी के. स्मिथने सुरू केलेला, तेव्हा ती तिथली राष्ट्रकवी होती. जेमतेम पाच मिनिटं, आधी स्वतःचं काहीतरी साधंसं बोलते आणि मग आजच्या एखाद्या कवीची एकच कविता वाचते. आवाज भारी, पण ओळी समोर नसल्या की अर्धी कविता निसटते हो! मराठीत आहे का असं काही?

बोरूबहाद्दर: निसटू दे की, दोनदा ऐक. मुक्तछंदात ओळ कुठे तुटली ते कानाला कळत नाही हे मात्र खरंय, वाचणारा नीट थांबला तरच.

कोकणी_काका: अगो, मर्ढेकर स्वतः आकाशवाणीत नोकरीला होते, पाडगावकरसुद्धा! आमच्या घरी रेडिओवर कविता लागली की आई कुकर बंद करायची, शिट्टी मध्ये नको म्हणून.

निवांत_मी: काका 😄 माझ्याकडे शिट्टीच्या जागी मागच्या गाडीचा हॉर्न असतो. तरी आधीचं ते बोलणं असतं ना, त्यानेच मन जरा तयार होतं.

बोरूबहाद्दर: मग तेवढंच कर मराठीत, फोनवर रेकॉर्ड करून टाक इथे. कवीला विचारून मात्र.