चावडीवरच्या पाटीत आकडे आहेत, नावे नाहीत : पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा शोध कसा घ्यावा?

प्रश्न

आमचे गाव सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात आहे. जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली असून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती जणांनी प्राण दिले, एवढेच तिच्यावर कोरलेले आहे. प्राण देणाऱ्यांचा आकडा नऊ आहे. नाव एकाचेही नाही.

११ नोव्हेंबर २०१८ रोजी युद्ध संपल्याला शंभर वर्षे झाली, तेव्हा गावाने प्रथमच या पाटीसमोर कार्यक्रम केला. तो रविवार होता आणि भाऊबीज नुकतीच होऊन गेल्यामुळे मुंबई-पुण्याची मंडळी अजून गावातच होती. माजी सैनिकांनी पाटी स्वच्छ धुतली, शाळेच्या मुलांनी झेंडूचे हार केले आणि सकाळी अकरा वाजता देवळातील घंटेचे टोल पडल्यावर सारा गाव दोन मिनिटे स्तब्ध उभा राहिला. कार्यक्रम संपता संपता एका वृद्ध आजींनी विचारले, "ह्या नवांत आमचा कोणता?" त्यांच्या सासऱ्यांचा थोरला भाऊ लामावर (म्हणजे लढाईवर) गेला तो परत आला नाही, एवढेच त्या ऐकत आल्या होत्या. आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही आणि तो प्रश्न अजून तसाच आहे.

जुन्या पाटीशेजारी नावांची दुसरी पाटी बसवावी, असे ग्रामसभेत ठरत आहे. ही नावे कुठे मिळतील? तसेच काही तरुणांचा आक्षेप आहे की इंग्रजांसाठी लढलेल्या युद्धाचे स्मरण आपण का करावे. जाणकारांनी दोन्हींबद्दल लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालो आहे आणि माझ्या पणजोबांचा शोध याच मार्गाने घेतला आहे.

प्रथम कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या, युद्धमृतांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरील नोंदी पाहाव्यात. तिथे १९२१ च्या ऑगस्टअखेरपर्यंत मृत्यू पावलेल्यांची गणना युद्धमृतांत केलेली आहे आणि अनेक हिंदी शिपायांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हा दिलेला आहे. मात्र गावाचे स्पेलिंग त्या वेळच्या कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे उतरलेले असते, म्हणून आपल्या गावाचे नाव पाच-सहा प्रकारे लिहून पाहावे लागते. जिल्ह्यांच्या सीमाही आजच्या नाहीत. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यात होता. खेड तर पुणे जिल्ह्यातही आहे आणि रत्नागिरीतही, त्यामुळे केवळ तालुक्याच्या नावावर विसंबू नये.

इराकमधील बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मरण आहे, पण तिथे हिंदी अधिकाऱ्यांची तेवढी नावे कोरली गेली आणि साध्या शिपायांची पलटणीखाली केवळ संख्या दिली गेली. आपल्या चावडीवर जे घडले तेच तिथेही घडले, हे वाचून मला फार वाईट वाटले होते. सुदैवाने कागदोपत्री नोंदी राहिल्या आणि आज त्या घरबसल्या पाहता येतात.

यासोबत गावातील जुनी घरे अवश्य विचारा. युद्धपदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. मृताच्या घरी सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची गोल चकतीही पाठवली जात असे. तिच्यावर हुद्दा न लिहिता फक्त नाव उठावात असते. चांदीची पदके अडचणीच्या काळात सोनाराकडे गेली असतील, पण ब्राँझला फारसे मोल न आल्यामुळे चकती माळ्यावर पडून असण्याची शक्यता अधिक. तलाठ्याकडचे जुने फेरफारही पाहावेत. धाकट्या भावाचे किंवा विधवेचे नाव त्या वर्षांत वारस म्हणून लागलेले दिसले, तर तो धागा धरता येतो.

प्रतिसाद २

वरील माहिती मोलाची आहे. मी इतिहास शिकवतो, म्हणून तारखेविषयी थोडे लिहितो.

११ नोव्हेंबर १९१८ हा जर्मनीशी झालेल्या युद्धविरामाचा दिवस आहे. आपल्याकडचे पुष्कळ शिपाई मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांशी लढत होते आणि तुर्कस्तानशी मुद्रोस येथे ३० ऑक्टोबरलाच करार होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी तिथले युद्ध थांबले. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १४७ दिवस अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथे सुमारे तेरा हजार जण शरण गेले आणि त्यांतील कित्येक हिंदी शिपायांना रास अल-ऐन येथे रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. त्यांच्या घरच्यांसाठी युद्ध कोणत्या दिवशी संपले असेल, हे कॅलेंडर पाहून सांगता येणार नाही. पाटीवर १९१९ हे साल आहे, कारण व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी झाला.

आणखी एक गोष्ट गावाने लक्षात घ्यावी, असे मला मनापासून वाटते. १९१८ च्या पावसाळ्याने दगा दिला होता आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात इन्फ्लुएन्झाची दुसरी, अधिक मारक लाट मुंबई इलाख्यात पसरली होती. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. जन्म-मृत्यूची नोंद असलेले त्या सालचे कोतवाल बुक आपल्या गावाचे शिल्लक असेल, तर ते या दृष्टीने उघडून पाहावे. युद्धविरामाची वार्ता आली तेव्हा आपल्या गावात जल्लोष करायला कितीशी माणसे धडधाकट होती, ते त्यातून कळेल. लामावरून जिवंत परतलेल्या काही जणांना घराला कुलूपच दिसले असेल.

प्रतिसाद ३

मी मूळची रत्नागिरीची. आमच्याकडे पलटणीइतकेच लोक बोटीवर गेले. त्या युद्धात मृत्यू पावलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात आहे. आपले गाव घाटावरचे असले, तरी गोदीत कामाला गेलेला कोणी तिथून बोटीवर चढला होता का, हेही तपासावे.

आपण पाटीवरील मजकूर जसा सांगितला आहे, त्यात 'माणसे' हा शब्द आहे, 'सैनिक' नाही. खेचरे हाकणारे, स्ट्रेचर वाहणारे, पाणी भरणारे, हमाली करणारे असे असंख्य लोक त्या युद्धात गेले आणि त्यांच्या नोंदी सर्वांत विरळ आहेत. महार समाजाची भरती आधी बंद केलेली होती. गरज पडल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि काम झाल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. म्हणून नावे शोधताना तेव्हाच्या गावकुसाबाहेरच्या घरांत आधी जावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नाहीतर नव्या पाटीवरही अर्धेच गाव येईल.

तरुणांच्या आक्षेपाबद्दल सांगायचे तर तो रास्त आहे आणि त्या काळीही तो होताच. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळकांनी लष्करभरतीच्या संदर्भात स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नरांनी त्यांना थांबवले आणि टिळक सभा सोडून निघून गेले. पण युद्ध कोणाचे होते हा प्रश्न सरकारला विचारायचा आहे. पगारासाठी, दुष्काळामुळे किंवा घराण्याची रीत म्हणून गेलेल्या विशीतल्या मुलाचे नाव त्यासाठी का अडवून ठेवावे?

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. गावाच्या नावाची सात स्पेलिंगे करून पाहिल्यावर चार नोंदी मिळाल्या असून त्यांपैकी तिघे बसऱ्याच्या स्मारकावरचे आहेत. जुन्या वस्तीतील घरांची यादी आता दोन शिक्षिका करत आहेत.

आजींच्या नातवाने काल माळा उतरवला. धान्याच्या गाडग्यावर झाकण म्हणून वर्षानुवर्षे ठेवलेली एक जड, काळवंडलेली चकती त्याला मिळाली. चिंचेने घासल्यावर तिच्यावरचे नाव स्पष्ट वाचता आले.