सरकारी कचेरीत सत्यनारायण कशासाठी?

पर्वतीकर: परवा दाखल्यासाठी एका सरकारी कार्यालयात गेलो. ऐन कामाच्या वेळी सत्यनारायण सुरू. खिडक्या बंद, आरती झाल्यावर या म्हणाले. प्रसाद मात्र सगळ्यांना आपुलकीनं दिला. तरी मला हे पटत नाही. घटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मग जिथे नागरिक सहीसाठी ताटकळतो, तिथे पूजा कशी चालते? १९९४ च्या बोम्मई निकालात सर्वोच्च न्यायालयानं धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग मानला आहे.

शनिवारपेठी: वर्गणी कर्मचारी स्वतःच्या खिशातून काढतात, कराचा पैसा आला कुठून? दसऱ्याला एसटीच्या गाड्यांना हार घालतात, तेही बंद करायचं का? विसर्जनाला महापालिका हौद बांधते, पालखीला टँकर लावते. या पुणे शहरातून देवधर्म वगळून कारभार कसा करणार?

पर्वतीकर: टँकर, फिरती शौचालयं, हौद ही माणसांची सोय आहे. लाखो लोक रस्त्यावर उतरले की ती करावीच लागते. ईदला गोळीबार मैदानाजवळ वाहतूक वळवतात, तीही त्याचसाठी. पण कचेरीनंच पूजेला बसणं ही सोय नव्हे.

कोंढवेकर: मला प्रसाद घ्यायला अडचण नाही, घेतोही. पण ज्याला घ्यायचा नसेल, तो नको म्हणताना आपल्या फाइलचा विचार करतो. समोरचा साहेब कितीही भला असो, ही धाकधूक टेबलाच्या अलीकडच्यालाच कळते.

हडपसरची लेक: आमच्या घरात वारी आहे, म्हणून विचारते. पंढरपूरच्या मंदिराचा कारभार १९७३ च्या कायद्यानं सरकारकडे आहे. शिर्डी आणि सिद्धिविनायकाचे विश्वस्तही सरकारच नेमतं. आधी तिथून हात काढा, मग कारकुनांच्या पूजेवर बोला. धर्म आणि सरकार वेगळं ठेवायचं तर दोन्ही बाजूंनी ठेवा.

पर्वतीकर: तिथल्या पुजारी घराण्यांचे, बडवे-उत्पातांचे, वंशपरंपरागत हक्क त्या कायद्यामुळेच गेले. ते कोर्टात गेले, शेवटी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल सरकारच्या बाजूनं लागला. सामान्य वारकऱ्याचं त्यात हितच झालं. हिशेब तपासायला धर्मादाय आयुक्त आहेत, ते असावेतच. विश्वस्त मंडळावर पक्षाचे कार्यकर्ते बसवणं मात्र चूक, तिथे मी तुमच्या बाजूनं आहे.

शनिवारपेठी: प्रसाद नाकारला म्हणून कोणाची फाइल अडवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. कामाचा खोळंबा होत असेल तर रविवारी करा, एवढं मान्य. बंदी मान्य नाही. वर्षातून एक दिवस चार माणसं एकत्र बसतात, त्यातून कचेरीत जिव्हाळा राहतो.

कोंढवेकर: जिव्हाळ्यासाठी एकत्र जेवा की. त्यात आम्हीही येऊ.

हडपसरची लेक: पर्वतीकर, आषाढीला मुख्यमंत्री सपत्नीक शासकीय महापूजा करतात, त्याचं काय? कारकुनाला एक नियम आणि मुख्यमंत्र्यांना दुसरा?

पर्वतीकर: नियम एकच. मुख्यमंत्र्यांनी पंढरीला जरूर जावं, पण भक्त म्हणून, रांगेतून. महापूजेत त्यांच्याबरोबर दर्शनरांगेतल्या एका वारकरी दांपत्याला मान मिळतोच. पूजा त्या दांपत्याच्याच हातून होऊ द्या.

हडपसरची लेक: हे माझ्या वडिलांना सांगून बघते. ते चिडतील, पण दांपत्याचं ऐकून घेतील.