शब्दचर्चा: चुरस, ईर्षा आणि सरकारी ‘मान्यता’

लेखणीबहाद्दर: अमेरिकेतल्या आर्मी–नेव्ही फुटबॉल सामन्यावर लेख लिहितोय. (फुटबॉल तिकडचा, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळण्याचा.) वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी आणि अ‍ॅनापोलिसची नौदल अकादमी, पहिला सामना १८९०. ‘या पारंपरिक शत्रुत्वाला सरकारने मान्यता दिली’ असं वाक्य झालंय आणि ते कानाला खटकतंय. काय बदलू?

मात्रावेलांटी: शत्रुत्व आधी काढा. दोघांनाही उद्या एकाच झेंड्याखाली लढायचंय. चुरस म्हणा.

रंकाळ्याकाठी: चुरस एका सामन्याची असते, शिट्टी वाजली की संपली. पिढ्यान्‌पिढ्या चालते ती ईर्षा. आमच्या कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार हे फुटबॉल संघ भिडले की ‘पोरं ईर्षेनं खेळली’ ही शाबासकी असते.

मात्रावेलांटी: पुण्यात त्याचा अर्थ मत्सर होतो हो.

रंकाळ्याकाठी: पुण्याचं पुण्याला ठेवा की.

जुनंपानं: ईर्षा मलाही पटली, पण खरी अडचण ‘मान्यता’त आहे. मान्यता द्यायची तर समोरचा सरकारबाहेरचा हवा. शासनमान्य टायपिंग इन्स्टिट्यूट, शासनमान्य देशी दारूचं दुकान. इथे दोन्ही अकादम्या सरकारच्याच. आपल्याच दोन पोरांच्या भांडणाला बाप मान्यता कसली देणार?

शिवाय सरकारने आधी दिली ती बंदी. १८९३च्या सामन्यानंतर एक जनरल आणि एक अ‍ॅडमिरल द्वंद्वयुद्धापर्यंत आले होते, असं सांगतात. १८९४ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांच्या मंत्रिमंडळात विषय निघाला. मग लष्कर आणि नौदल, दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांनी फर्मान काढलं की संघांनी आपापल्या मैदानावरच खेळावं. फर्मानात ‘बंदी’ नाही, पण दोघांनीही घर सोडायचं नाही म्हटल्यावर गाठ पडणार कुठे! १८९७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट नौदल खात्याचे साहाय्यक मंत्री होते. त्यांनी लष्करमंत्र्यांना पत्र लिहून सामना पुन्हा सुरू करा म्हणून गळ घातली. १८९९ मध्ये तो त्रयस्थ ठिकाणी, फिलाडेल्फियात झाला. याला मराठीत ‘परवानगी’ म्हणतात. १९०१ मध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष म्हणून स्वतः सामन्याला गेले. ती झाली ‘दखल’.

लेखणीबहाद्दर: पण आता राष्ट्राध्यक्ष येतात, मध्यंतरात एका बाजूकडून उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात. याला नुसती दखल म्हणणं तोकडं वाटतं. ‘राजाश्रय’ चालेल?

रंकाळ्याकाठी: राजाश्रय शाहू महाराजांनी कुस्तीला दिला. तालमी काढल्या, खासबाग मैदान बांधलं, मल्लांचा खुराक सांभाळला. खुर्ची बदलून बसण्याला राजाश्रय म्हणू नका.

जुनंपानं: ‘मान’ वापरा. पुण्यात मानाचे पाच गणपती आहेत, ते काही जीआर काढून ठरले नाहीत. क्रम सगळे पाळतात म्हणून तो मान. ‘मानाचा सामना’.

मात्रावेलांटी: हे चपखल. इथेही खेळ संपला की दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहून त्यांचं अकादमीगीत गातात, मग जिंकलेल्यांचं. ‘शेवटी गाण्याचा मान’ हेच तिथलं बक्षीस! १९४२ मध्ये तर युद्धामुळे संघाखेरीज वेस्ट पॉइंटच्या बाकी पोरांना अ‍ॅनापोलिसला जाता आलं नाही, तेव्हा नौदलाच्याच काही विद्यार्थ्यांना आर्मीच्या बाकामागे बसवून हुकमाने आर्मीचा जयजयकार करायला लावला. शत्रुत्व म्हणे!

लेखणीबहाद्दर: मग वाक्य असं: ‘एकेकाळी सरकारने थांबवलेल्या या ईर्षेच्या सामन्याला आज राष्ट्रीय मान आहे.’ आणखी एक. आर्मी, नेव्ही आणि हवाई दल अशा तीन अकादम्यांमध्ये १९७२ पासून ‘कमांडर-इन-चीफ’च्या नावाची ट्रॉफी आहे. ‘सरसेनापती करंडक’?

जुनंपानं: करंडक बरोबर. सरसेनापती म्हटलं की मराठी वाचकाला हंबीरराव मोहिते आठवणार, आणि त्यांच्या वर छत्रपती होते. इथे तर करंडक खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या पदाच्या नावाचा आहे. ‘सर्वोच्च सेनापती करंडक’ करा. लांबतं, पण हुद्दा चुकत नाही.